वीस मिनिटांचा डाव

“मला गप्प बसवत नाहीये, नले. तू खोली उघड,” उज्ज्वला म्हणाली.

सकाळचे नऊ वाजले होते. मी कऱ्हाडात माझ्या स्वयंपाकघरात कणीक मळत होते, आणि ती पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर बाकावर बसली होती. अर्ध्या तासापूर्वी तिच्या नवऱ्याला, दिगंबररावांना, बायपाससाठी आत नेलं होतं.

“आत्ता खेळायचं?”

“मग काय करू? जप झाला. दोनदा झाला. पोथी आणलीय, पण एक ओळ डोक्यात शिरेल तर शपथ. शेजारी एक बाई आहेत, त्या जावेच्या ऑपरेशनची कथा तिसऱ्यांदा सांगतायत. उघड बाई लवकर, नाहीतर मी त्यांनाच काहीतरी बोलून बसेन.”

मी कणकेचे हात तसेच धुतले आणि खोली उघडली. खोली म्हणजे मोबाईलवरच्या खेळातली. सामान्यज्ञानाचे प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, पंधरा सेकंदांची मुदत. दहा प्रश्नांचा एक डाव. बरोबर उत्तर जी आधी दाबेल तिला जास्त गुण. एकीने खोली उघडायची, बाकीच्यांना नंबर कळवायचा, की सगळ्याजणी आत. एकमेकींचा आवाजही ऐकू येतो. आम्ही तिघी होतो: मी, उज्ज्वला आणि मिरजेची शमीम मुजावर. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून आठवड्यातून दोन दुपारी हा कार्यक्रम ठरलेला. आणि आमच्यात दयामाया नव्हती हं! शमीमच्या सुनेचं डोहाळजेवण होतं, त्या दिवशी ती पाहुण्यांना पाणी देता देता खेळत होती. त्या दिवशीसुद्धा आम्ही तिला एक गुण सोडला नाही. सोडला असता तर तिनेच आम्हाला फाडून खाल्लं असतं.

आमची ओळख टेलिफोन एक्स्चेंजमधली. ट्रंक कॉलच्या जमान्यात आम्ही एका बोर्डावर शेजारी शेजारी बसायचो, कानाला हेडफोन लावून. आता नातवंडांना सांगावं लागतं ट्रंक कॉल म्हणजे काय ते. परगावी बोलायचं तर आधी आम्हाला सांगायचं, मग आम्ही जोडून द्यायचो. त्यामुळे व्हायचं काय, की लोकांच्या घरातलं बरंवाईट त्यांच्या आधी आमच्या कानावर. कुणी तिकडून हुंदके देत सांगायचा, “बाई, लवकर लावा हो, वडील गेले, भावाला कळवायचंय.” आणि भावाने फोन उचलला की आम्ही म्हणायचं, “कोल्हापूरहून कॉल आहे, बोला.” बस्स. आवाजात काही दिसता कामा नये. आमच्या सुपरवायझर कारखानीसबाई नव्या मुलींना पहिल्या दिवशी तेच शिकवायच्या: निरोप ज्याचा त्याने द्यायचा, तुमच्या आवाजावरून कुणाला काही कळलं तर नोकरी सोडून घरी पापड लाटा. उज्ज्वलाला ते कधी नीट जमलं नाही, तिचा गळा भरून यायचा. शमीमचं बरं होतं. मी मात्र त्यात एक नंबर. मला त्याचा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू.

तर त्या दिवशी आमचा खेळ सुरू झाला. पहिले दोन डाव उज्ज्वलाने मारले, तिसरा शमीमने. मध्येच उज्ज्वला म्हणायची, “थांबा गं, एक सिस्टर चाललीय,” आणि मग पावलांचा आवाज दूर गेला की, “नाही, आपलं काही नाही. चला पुढे.” मजल्यावर एकाच नातेवाइकाला बसू देत होते. दीर, मुकुंद, खाली होता. मुलगा निनाद सिंगापूरहून निघाला होता, तो संध्याकाळी पोचणार होता. चार-साडेचार तास लागतील असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

“तू काही खाल्लंस का?” शमीमने विचारलं.

“बिस्किट खाल्लं. घशात अडकलं. एक प्रश्न चुकला त्यापायी.”

“चुकला तो तुझ्या अकलेपायी,” मी म्हणाले.

“भवाने, मला घरी येऊ दे, मग बघते तुला!”

असे डावामागून डाव चालले होते. मी आपली एका हाताने पोळ्या लाटतेय, एका हाताने उत्तरं दाबतेय. घड्याळात बारा वीस झाले आणि माझ्या मोबाईलवर मुकुंदचं नाव आलं. खेळ बाजूला पडला. मी मागच्या गॅलरीत गेले.

“नलूताई, वहिनी तुमच्याशीच बोलतायत ना?”

“हो. काय झालं हो?”

“त्यांना कळू देऊ नका.” त्याला धाप लागली होती. “मला आतून फोन आला. ऑपरेशन झालंय, पण मशीनवरून काढताना दादाचं हृदय चालूच होत नाहीये. दोनदा प्रयत्न केले. रक्तही खूप जातंय. मी रक्तपेढीत आलोय, पिशव्या घेऊन निघतोच आहे, पण वर पोचायला वीस मिनिटं तरी लागतील. वहिनी एकट्या आहेत तिथे. त्यांचं बीपी तुम्हाला माहीतच आहे. मी पोचेपर्यंत त्यांना बोलण्यात गुंतवून ठेवा. मग मी सांगतो त्यांना.”

“चालू होईल ना पण?”

“काही सांगता येत नाही म्हणाले.”

फोन बंद झाला. मी गॅलरीच्या कठड्याला धरून उभी राहिले. खाली शेजारची वैद्यांची सून कपडे वाळत घालत होती, तिने वर बघून हात केला, आणि मीही केला. दिगंबरराव म्हणजे काही परके नव्हेत. शाळेत चित्रकला शिकवायचे ते. माझ्या मुलीच्या लग्नात रात्रभर जागून दारातली रांगोळी एकट्याने काढली होती त्यांनी. त्या माणसाचं काळीज तिकडे बंद पडलं होतं, आणि हे जगात ठाऊक असलेल्या चार-सहा माणसांत एक मी होते. आणि त्याच्या बायकोला ठाऊक नव्हतं.

मी परत खोलीत शिरले तेव्हा पडद्यावर प्रश्न होता: ऑक्टोपसला किती हृदये असतात?

“तीन!” उज्ज्वला ओरडली. “तीन असतात मेल्याला! आणि आमच्या ह्यांना देवाने एकच दिलं, तेही बुजलेलं!”

शमीम हसली. उज्ज्वलाही हसली, जरा जास्तच. मी काहीच दाबलं नव्हतं. पंधरा सेकंद संपले.

“नलू, आहेस का गं?” शमीम म्हणाली.

“आहे, आहे. पोळी करपली.”

पुढचा प्रश्न आला. शिवसागर जलाशय कोणत्या धरणामुळे तयार झाला? मी पडद्याकडे बघत होते आणि मला अक्षरं दिसत होती, पण त्यांचा अर्थ लागत नव्हता. अंगठा कुठेतरी पडला. पडद्यावर लाल फुली आली. मी उजनी दाबलं होतं.

मग उज्ज्वलाचा आवाज आला, अगदी हळू.

“नले, तुला हे आलं नाही?”

“बोट घसरलं.”

“कोयना! कऱ्हाडात जन्म काढलास तू. एक्स्चेंजची सहल तीनदा नेलीस तिथे, आम्ही कंटाळलो तरी नेलीस. आणि तू उजनी दाबतेस?”

“अगं घसरलं म्हटलं ना.”

“मुद्दाम हरतेयस का माझ्यासाठी?”

“मी? वेड लागलंय का?”

“मग मघाशी कुठे गेली होतीस? तुझं नाव फिकट झालं होतं इथे. तुला फोन आला होता. कुणाचा?”

खेळाचा पुढचा प्रश्न येऊन निघूनही चालला होता आणि तिघींपैकी कुणीच त्याला हात लावत नव्हतं.

“मुकुंदभावजींचा होता?” उज्ज्वला म्हणाली. “नले, तुला माझ्या गळ्याची शपथ. खरं सांग. काही कळलंय का तुला?”

आता इथे माणूस काय करील? मी पुष्कळांना नंतर विचारलं. कुणी म्हणतं सांगायला हवं होतं, कुणी म्हणतं बरं केलंस. विचारणारी मी आणि सांगणारे ते, सगळे पोटभर जेवून बसलेले असतात. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे एकच होतं. ती त्या बाकावर एकटी आहे, आणि मी आत्ता बोलले तर तिथे तिला धरायलाही आपलं कुणी नाही. माझ्या घशातून आवाज निघाला तो पंचवीस वर्षांपूर्वीचा निघाला. स्वच्छ, सरळ, न हलणारा.

“गॅसवाल्याचा होता. सिलिंडर दुपारी आणतोय म्हणाला. आणि शपथा कसल्या घालतेस? तू पहिले दोन डाव जिंकलीस म्हणून डोक्यावर बसू नकोस हं. आता बघ.”

“खरं?”

“खरं.”

तिने श्वास सोडलेला मला ऐकू आला.

“मग खेळ नीट,” ती म्हणाली.

आणि मी खेळले. देवा, कशी खेळले मी! हरले तर तिला परत शंका येणार, म्हणून एकेक प्रश्न तिच्या हातातून ओढून घेतला. पाऱ्याची संज्ञा, पानिपताचं साल, बुद्धिबळाच्या पटावरची घरं. चौसष्ट! अर्ध्या सेकंदात. माझ्या पदराला घाम पुसत होते, डोळा घड्याळावर होता. बारा सत्तावीस. बारा एकोणतीस. बाई, हा मुकुंद कुठे अडकलाय! आणि तोंडाने सारखी चिडवत होते तिला.

“हळू गं नले, जीव घेशील,” शमीम म्हणाली. तिला बिचारीला काहीच माहीत नव्हतं.

“सर्वात जास्त झोपणारा प्राणी कोणता?” असा प्रश्न आला. मी कोआला दाबलं. उज्ज्वलाने अस्वल दाबलं आणि चुकली.

“उजे, इथे तुझंच नाव हवं होतं,” मी म्हणाले. “कलेक्टर आठवतोय का?”

“नको ना गं!”

“शमे, आठवतंय ना? बाई रात्रपाळीला हेडफोन लावून घोरतायत. कलेक्टरसाहेबांचा अर्जंट कॉल. आणि ह्या झोपेत काय सांगतात? ‘उद्या या, आज गिरणी बंद आहे!’”

“आणि साहेब म्हणतात, ‘कसली गिरणी?’” शमीमला हसू आवरेना. “आणि ही म्हणते, ‘ज्वारी ठेवून जा!’”

उज्ज्वला हसायला लागली. आधी फुसफुस, मग खदखदून. गेले दोन महिने तिला असं हसताना ऐकलं नव्हतं मी. कोणीतरी तिला दटावलं, बहुतेक सिस्टर असणार, कारण ती हसतच “सॉरी, सॉरी” म्हणाली आणि परत फुटली. मी तो आवाज ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हस बाई, हस. अजून दहा मिनिटं हस.

बारा एकेचाळीसला ती म्हणाली, “थांबा. दार उघडलंय. भावजीपण आलेत. हातात काय आहे त्यांच्या… नले, भावजी रडतायत का?”

आणि आवाज बंद झाला.

खोलीत मी आणि शमीम दोघीच उरलो. प्रश्न आपले येतच होते, एकामागून एक.

“नलू,” शमीम म्हणाली, “गॅसवाला नव्हता ना?”

मी तिला सांगितलं.

“मला तरी सांगायचं,” ती म्हणाली. “मी ज्वारीचं बोलले गं. मी तिला हसवलं.”

“सांगितलं असतं तर तुला बोलता आलं असतं का?”

“नसतं आलं,” ती म्हणाली. “तेच म्हणतेय मी.”

एक दहाला मुकुंदचा फोन आला. चौथ्या प्रयत्नाला हृदय चालू झालं होतं. रक्त थांबलं होतं. “वाचला हो दादा,” एवढं म्हणून तो लहान मुलासारखा रडला. मी स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसले आणि मीही भोकाड पसरलं. मग उठून देवापुढे साखर ठेवली आणि अख्ख्या आळीला सांगितलं. दिगंबरराव वाचल्याचं तर सांगितलंच, पण मी वीस मिनिटं उज्ज्वलाला कशी सांभाळली तेही तिखटमीठ लावून सांगितलं. वैद्यांची सून म्हणाली, “काकू, तुमच्या जागी मी असते तर मला हे जमलंच नसतं.” ते ऐकून मी दिवसभर हवेत होते.

याला आता चार वर्षं झाली. दिगंबरराव ठणठणीत आहेत, सकाळी टेकडी चढून येतात. मुकुंदची मुलगी डॉक्टर होतेय. उज्ज्वलाचा मला संक्रांतीला फोन येतो, वाढदिवसाला येतो, माझ्या मोतीबिंदूच्या वेळी ती येऊन दोन दिवस राहूनही गेली. पण त्या सकाळनंतर आम्ही तिघी खेळलो नाही. कारण मला त्यानंतर महिन्याभरानेच कळलं, मी तिला भेटायला पुण्याला गेले तेव्हा.

दिगंबरराव खुर्चीत बसले होते, छातीला उशी धरून. अर्धे झाले होते, पण थट्टा चालूच. मुकुंदही आला होता. चहा झाला, आणि बोलता बोलता तोच म्हणाला, “वहिनी, खरं कौतुक नलूताईंचं. मी त्यांना रक्तपेढीतून फोन केला, म्हटलं दादाचं हृदय चालू होत नाहीये, वहिनींना कळू देऊ नका. काय निभावलं त्यांनी! मी वर आलो तर तुम्ही हसत होता.”

उज्ज्वला कप गोळा करत होती. ती थांबली नाही. कप घेऊन आत गेली. मी मागोमाग गेले.

तिने नळ सोडला, कप त्याखाली धरला आणि तसाच धरून ठेवला.

“मी तुला विचारलं तेव्हा तुला माहीत होतं?”

“हो.”

“शपथ घातली तेव्हा?”

“उजे, तू एकटी होतीस तिथे. तुझं बीपी… भावजींनीच सांगितलं होतं…”

“भावजी घाबरले होते. त्यांचं सोड. मी तुला विचारलं होतं.” तिने नळ बंद केला. “तू माझ्याशी बोर्डावरचा आवाज काढून बोललीस. मला तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण मला वाटलं, नलू तो आवाज परक्यांसाठी ठेवते.”

मग जे सुचलं ते बोलले, आणि ते तोंडातून निघायला नको होतं.

“पण वाचले ना गं ते!”

“वाचले. देवाची कृपा, डॉक्टरांची कृपा. आणि वाचले नसते तर? मी खिदळत असताना गेले असते, नले. चाळीस वर्षांचा संसार. तिकडे ते जातायत आणि इकडे मी गिरणीचं ऐकून हसतेय, सिस्टर मला दटावतेय. ते मी कुणाला सांगितलं असतं?”

“तुला कळलं असतं तर तू काय केलं असतंस?” मीही जरा चिडले होते. माझं एवढं केलेलं सगळं पाण्यात चाललं होतं. “सांग ना. काय करता आलं असतं तुला तिथे बसून?”

बाहेर दिगंबरराव मुकुंदला काहीतरी सांगून हसत होते आणि हसताना छाती दुखली म्हणून आई गं म्हणत होते. उज्ज्वलाने तिकडे कान दिला. मग पदराने हात पुसले.

“मी हाक मारली असती,” ती म्हणाली. “जन्मात कधी नाव घेऊन मारली नाही, पण तेव्हा मारली असती. दिगंबर म्हणून. त्या दाराला तोंड लावून, लोक काय म्हणतील ते म्हणोत. त्यांना ऐकू गेली असती असं नाही म्हणत मी. पण मारली असती की नाही?”

“मारली असतीस,” मी म्हणाले.